ट्रेलर का डुलतो आणि स्वे बार फ्रेमला ठणठणीत बसलेला का लागतो

अमेरिकेत पिकअपमागे ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, लावून हायवेला लागलं की एक धास्ती असतेच, ट्रेलर डुलायला लागण्याची. शेजारून मोठा ट्रक सुसाट गेला, हवेचा दणका बसला की ट्रेलर हिचच्या (गाडीला ट्रेलर जोडायच्या सांध्याच्या) बॉलभोवती जरा डावीकडे जातो मग उजवीकडे, आणि ताशी ५० मैलांना दोन-तीन हेलकाव्यांत गप होणारा तोच ट्रेलर ७० ला गप व्हायचं नावच घेत नाही.

यामागे टायर आहेत. ट्रेलर तिरका झाला की टायर त्याला परत सरळ खेचतात आणि ही खेच स्पीड वाढला तरी साधारण तेवढीच राहते. पण हेलकावा जिरवायची ताकद वेगळी, ती ठरते आडवा वेग भागिले पुढचा वेग यावर, म्हणजे स्पीड दुप्पट केला की जिरवणं निम्मं. एका ठराविक स्पीडच्या वर हेलकावे जिरायच्या ऐवजी वाढतातच. उसाच्या सीझनला ट्रॅक्टरमागे डुलणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या आपण पाहतो, तिथं वेग कमी म्हणून निभावून जातं. मागच्या बाजूला सामान कोंबलं की ही धोक्याची मर्यादा आणखी खाली येते, म्हणून ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा. हे आधी जमवायचं, स्वे बार, म्हणजे डुलणं आवरणारा दांडा, नंतर.

फ्रिक्शनवाला स्वे बार म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन पट्ट्या, मधे ब्रेकसारखं घर्षणाचं पॅड, एक टोक हिचवरच्या छोट्या बॉलला, दुसरं साधारण २४ इंच मागे ट्रेलरच्या ए-फ्रेमवर (पुढच्या A आकाराच्या चौकटीवर) प्लेटने बसवलेल्या बॉलला. याचं घर्षण स्पीड वाढला म्हणून कमी होत नाही, टायर जिथं कमी पडतात नेमकं तिथंच हे कामी येतं.

आता हिशोब बघा. छोटा बॉल हिचच्या मोठ्या बॉलपासून बाजूला साधारण साडेपाच इंचांवर असतो, त्यामुळे ट्रेलर १ अंश वळला तर बार जेमतेम अडीच मिलिमीटर सरकतो. म्हणजे फ्रेमवरच्या प्लेटला अडीच मिलिमीटरची ढिल असेल तर अख्खा १ अंशाचा हेलकावा घर्षण न होताच निसटून जातो, आणि हेलकावा छोटा असतानाच तर त्याला मारायचं असतं! कारण एका हेलकाव्यात घर्षण जेवढी ऊर्जा खातं ती हेलकाव्याच्या प्रमाणात वाढते, पण धोक्याच्या स्पीडला ट्रेलरमधे भरली जाणारी ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात, त्यामुळे हेलकावा एकदा मोठा झाला की बार हरतो.

म्हणून मला वाटतं भारी बार घेण्यापेक्षा तो बसवण्यावर जास्त वेळ घालवावा. ए-फ्रेमवर भार आला की सगळ्यात जास्त ताण तिच्या वरच्या आणि खालच्या पट्टीत येतो, उभ्या बाजूच्या मधोमध सगळ्यात कमी, तेव्हा भोक पाडायचंच तर तिथं, वर-खाली अजिबात नको. फ्रेम चौकोनी पाइपची असेल तर आरपार बोल्ट आवळताना पाइप चेपतो, मग आज घट्ट वाटलेला बोल्ट महिन्याभरात ढिला, त्यासाठी आत नळीचा तुकडा घालावा लागतो. ड्रिल मारायच्या आधी आतून ब्रेकची वायर गेली नाही ना ते बघा, गॅसच्या टाक्या आणि बॅटरीही नेमक्या त्याच जागेत असतात. पातळ फ्रेमवर वेल्डिंग तर ट्रेलर कंपनीला विचारल्याशिवाय करूच नये, उष्णतेनं धातू वेडावाकडा होतो आणि जोडाशेजारी कमजोर पडतो. बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे आणि पहिल्या फेरीनंतर परत तपासायचे.

तरीही डुलायला लागलाच तर पिकअपचा ब्रेक दाबू नका, मागचा ट्रेलर ढकलायलाच लागतो. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरचा (पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राचा) हाताने दाबायचा खटका दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, म्हणजे तो मागून ताणला जाऊन सरळ होतो.

आणि रिव्हर्स घ्यायच्या आधी बार काढून ठेवायचा. जास्त कोनात त्याची सरकायची जागा संपते, मग एकतर बार वाकतो नाहीतर फ्रेमवरची प्लेट उखडते.