‘स्पेशल’ ते ‘मेजर’: पदवीचा मुख्य विषय ठरतो कसा

महाराष्ट्रात बी.ए., बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्याला आता बहुतेक महाविद्यालयांत तीन विषय घ्यावे लागतात. त्यातला एक दुसऱ्या वर्षी ‘मेजर’ म्हणजे मुख्य विषय होतो, दुसरा ‘मायनर’ म्हणजे दुय्यम आणि तिसरा सुटतो. वर्षभर शिकून पाहा, मग आवडेल तो विषय धरा, असा हा हिशेब. कागदावर तो सरळ दिसतो. मात्र मुख्य विषय कधी ठरवायचा, यावर आपल्याकडे निदान पन्नास वर्षं ओढाताण चालू आहे.

१८५७ मध्ये मुंबईला विद्यापीठ निघालं तेव्हापासून दीर्घकाळ पदवी म्हणजे बी.ए. हेच समीकरण होतं. १९१३ मध्ये मुंबईत वाणिज्याचं स्वतंत्र महाविद्यालय सुरू झालं आणि कॉमर्स ही वेगळी वाट तयार झाली. फाळणीआधीच्या त्या काळात पदवीपर्यंत पोचणारेच मूठभर. आवडीचा विषय हा प्रश्न त्यांच्यातल्याही थोड्यांपुरताच होता, त्यामुळे तिथे फार रेंगाळण्यात अर्थ नाही.

आजच्या घोळाचं मूळ १९७५ मध्ये आहे. त्याआधी अकरावीला एस.एस.सी. व्हायची आणि पुढे चार वर्षं कॉलेज. आर्ट्स, सायन्स की कॉमर्स एवढं ठरवून मुलं यायची. खरा फाटा फुटायचा तो इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मेडिकल, इंजिनीअरिंग की बी.एस्सी., हे इंटर सायन्सच्या मार्कांवर ठरे आणि आर्ट्सवाले इंटरनंतर आपला खास विषय धरत. म्हणजे निर्णयाच्या वेळी मुलगा कॉलेजात रुळलेला असायचा. दोन वर्षं प्राध्यापक ऐकलेले, लायब्ररी पाहिलेली, वरच्या वर्गातल्यांशी ओळखी झालेल्या.

साठच्या दशकातल्या राष्ट्रीय शिक्षण आयोगाने दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध सुचवला होता. राज्याने तो स्वीकारला, १९७५ मध्ये दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली आणि १९७७ मध्ये बारावीची. ही अधली दोन वर्षं इथे मोठ्या प्रमाणात कॉलेजांना जोडली गेली, ज्युनिअर कॉलेज म्हणून. शाळा सुटली एवढीच त्यातली मौज. प्रत्यक्षात शाखानिवड पंधरा-सोळाव्या वर्षावर आली, तीही ज्या विषयांची शाळेत तोंडओळखच झाली आहे त्यांच्या भरवशावर. अर्थशास्त्र दहावीपर्यंत कितीसं शिकवतात? मानसशास्त्र, तत्त्वज्ञान तर नाहीच.

त्यात नियमांची उतरंड एकतर्फी. बारावी सायन्स झालेल्याला बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. सगळीकडे जाता येतं. आर्ट्स-कॉमर्सवाल्याला बी.एस्सी.चं दार सहसा बंद. मग बरे मार्क पडलेल्या मुलाला घरचे सांगणारच, ‘आधी सायन्स घे, नंतर बघू’. १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना मोकळीक दिली आणि त्या ‘नंतर बघू’चा अर्थही पक्का झाला. अकरावी सायन्स ही इंजिनीअरिंग-मेडिकलची रांग बनली. रांगेतून बाहेर पडणारे बी.एस्सी.ला वळले, त्यातले पुष्कळसे नाइलाजाने. आवडीने भौतिकशास्त्र घेणारा त्या वर्गात असायचा, पण त्यालाही आधी ‘इंजिनीअरिंगला नंबर नाही का लागला?’ याचं उत्तर द्यावं लागे. आजही लागतं.

शासनाने आवडीची दखल उघडपणे घेतली ती २०१६ मध्ये, दहावीच्या विद्यार्थ्यांच्या कलचाचणीने. कला, वाणिज्य, तांत्रिक, शेती, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी कुठे ओढा आहे याचा अहवाल मुलाच्या हाती येई. पुढे तिला अभिक्षमतेचीही जोड मिळाली. प्रयत्न चांगला होता. पण अकरावीची गुणवत्ता यादी मार्कांवर लागते आणि त्या अहवालाला प्रवेशात शून्य वजन होतं. कोविडच्या काळात चाचणी थांबली, तेव्हा फारसं कुणी हळहळलं नाही.

पदवीच्या आत मात्र वेगळी परंपरा चालू होती. पुण्याकडे पहिल्या वर्षी विषय ‘जनरल’ असत, दुसऱ्या वर्षापासून एक ‘स्पेशल’. त्या स्पेशलचे पेपर एस-वन, एस-टू दुसऱ्या वर्षी, एस-थ्री, एस-फोर तिसऱ्या वर्षी. ‘स्पेशलला काय घेतलंस?’ हा आर्ट्सच्या कट्ट्यावरचा नेहमीचा प्रश्न. मुंबईत टी.वाय.ला, म्हणजे तिसऱ्या वर्षी, एकाच विषयाचे सहा पेपर किंवा दोन विषयांचे तीन-तीन. तपशील वेगळे, तत्त्व एकच: आधी चव, मग निवड. थोडक्यात, आज नवं म्हणून सांगितलं जातं त्यातलं बरंच इथे जुनं आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं २०२० मध्ये. राज्यात पदवीला ते २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत लागू झालं, संलग्न महाविद्यालयांत वर्षभराने. वाद झाला तो इथे. २०२३ च्या आराखड्यात मेजर पहिल्या सत्रापासूनच होता. ज्या धोरणाने लवचिकतेचा एवढा गजर केला, त्याच्या पहिल्याच आराखड्याने जुन्या ‘स्पेशल’पेक्षा निवड वर्षभर अलीकडे ओढली. केंद्रीय चौकटीत पहिल्या वर्षाअखेर मेजर बदलण्याची सोय होती, पण बदलणार कशाच्या जोरावर? दुसऱ्या विषयाचा पायाच नसेल तर ती सोय कागदावरच. संलग्न महाविद्यालयांची पाळी येईपर्यंत, २०२४ मध्ये, तीन समान विषयांची मांडणी पुढे आली.

तिच्यावरही आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पूर्वी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी रसायनशास्त्राला मिळणारा वेळ घटला, गणिताच्या प्राध्यापकांची तक्रार तीच. भाषांच्या प्राध्यापकांचं दुखणं आणखी खोल आहे, कारण सक्तीची भाषा आता दोन श्रेयांकांच्या (क्रेडिट) चौकटीत बसवली आहे. तरीही विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिलं तर २०२४ ची मांडणी उजवी ठरते. अठराव्या वर्षी न पाहिलेला विषय तीन वर्षांसाठी गळ्यात घ्यायला लावणं चूकच होतं.

अडतं ते दुसरीकडेच. महाविद्यालय विषय सुटे देत नाही, गट देते. प्रवेशाच्या खिडकीपाशी तक्ता लावलेला असतो. एका गटात मराठी, इतिहास, राज्यशास्त्र. दुसऱ्यात मानसशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल. एखादी मुलगी म्हणते, मला मराठी आणि मानसशास्त्र हवंय. खिडकीतून उत्तर येतं, तास एकाच वेळी आहेत, जमणार नाही. गट वेळापत्रकावरून पडतात आणि वेळापत्रक वर्कलोडवरून. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास अध्यापन भरायला लागतं, तास भरले नाहीत तर पद अडचणीत. त्यामुळे गर्दीच्या विषयाला जोडून कमी मागणीचा विषय देणं हा कित्येक विभागांचा जीव वाचवण्याचा मार्ग आहे. यात कुणाचा दुष्टपणा नाही. वर्षानुवर्षं प्राध्यापकभरती रखडली की असंच होतं. पण विद्यार्थ्याने ‘निवडलेले’ तीन विषय पुष्कळदा खिडकीनेच निवडलेले असतात, आणि मेजर त्या तिघांतूनच होणार.

लहान गावातल्या एकल शाखेच्या महाविद्यालयात तर गटही एक-दोनच. तिथे मेजर ठरतो तो कोणत्या विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहे यावर. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकावर चालणारा विषय पुढच्या वर्षी असेलच, याची खात्री देता येत नाही.

आता नव्या धोरणातल्या ऐच्छिक चौथ्या वर्षाचा, म्हणजे ऑनर्सच्या वर्षाचा, प्रश्न समोर आहे. संशोधनासह ऑनर्स घ्यायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि ते वर्ष चालवायला महाविद्यालयात त्या विषयाची तयारी असावी लागते. २०२४-२५ ला संलग्न महाविद्यालयांत शिरलेली तुकडी २०२७ मध्ये तिसरं वर्ष संपवेल. दुसऱ्या वर्षी मेजर भरताना, चौथं वर्ष याच विषयात इथेच मिळणार का, हे आतापासून विचारून घेणारे पालक थोडे आहेत. लेखी उत्तर देणारी कार्यालयं त्याहून थोडी.