जरा दम धरा, ऊन येऊ दे

मलप्रभेचा उगम आहे त्या कणकुंबीत पावसाळा सरताना पहाटे ओढ्याकडून शीळ ऐकू येते. एखादं पोरगं गुरांमागं आपल्याच नादात शीळ घालत चाललंय असं वाटतं. तो शीळकरी कस्तूर. आम्हाला तो ओल्या कातळावर दिसला, पण कॅमेऱ्यात निव्वळ काळा. सोबत गावातले एक आबा होते. म्हणाले, "जरा दम धरा, ऊन येऊ दे की." थोड्या वेळानं झाडीतून तिरीप उतरली आणि त्याच काळ्या पक्ष्याच्या कपाळावर, खांद्यावर निळा रंग झळाळला. मी क्षणभर बटण दाबायचंच विसरलो.

पक्ष्यांच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. कावळ्याचा काळा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा, हळदीनं कापड रंगावं तसा पिसात भिनलेला. निळा मात्र पिसाच्या घडणीतून येतो. पीस ज्या प्रथिनाचं बनतं त्या केरॅटिनमध्ये मेलॅनिनचे कण किंवा हवेचे कप्पे अगदी नेमक्या अंतरावर मांडलेले असतात. अंतर मिलिमीटरच्या साधारण 5,000 व्या भागाएवढं. त्यांवरून परतताना निळ्या प्रकाशाच्या लहरी एकमेकींशी जुळून बळावतात. उरलेला प्रकाश मेलॅनिन शोषून घेतं, म्हणून निळा एवढा गडद दिसतो.

घरात मोरपीस असेल तर खिडकीशी न्या. उजेड तुमच्या पाठीमागून पडू द्या: पिसावरचा डोळा निळा-हिरवा चमकेल. आता पीस खिडकी आणि तुमच्यामध्ये धरा. प्रकाश परतण्याऐवजी आरपार येतो, आणि तेच पीस मातकट तपकिरी दिसतं. पक्ष्यांचे फोटो काढताना सूर्य शक्यतो पाठीशी ठेवावा तो यासाठीच.

खानापूरकडच्या शेतांत तारेवर बसणारा चास, म्हणजे कर्नाटकाचा राज्यपक्षी नीळकंठ, त्याचा निळा हवेच्या कप्प्यांचा. तो कुठूनही पाहा, जवळजवळ तसाच राहतो. पोपटात अशाच निळ्यावर पिवळं रंगद्रव्य चढतं आणि आपल्याला हिरवा दिसतो. मला हे फार सुंदर वाटतं.

शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्या गळ्याच्या पिसांत मेलॅनिनच्या कणांचे थर असतात, साबणाच्या फुग्यासारखा कोन बदलला की रंग बदलतो. परतीच्या वाटेवर जांबोटीत एक नर जास्वंदीवर उलटा लटकून मध पीत होता. मी लागोपाठ फोटो काढले. एकात गळा काळा, मान जरा वळली तशी पुढच्यात जांभळा, आणि त्यानंतरच्यात पुन्हा काळा.