जुन्या भिंतींचा गिलावा: चुना की सिमेंट?

जुन्या वाड्याची किंवा कौलारू घराची दुरुस्ती काढताना बहुतेक ग्राहक पहिल्याच भेटीत विचारतात, की सिमेंटचा गिलावा केला तर काम लवकर आणि स्वस्तात होणार नाही का. होते, परंतु अनेकदा दोन-तीन पावसाळ्यांतच त्या भिंतीचे पोपडे निघू लागतात.

दगड, वीट किंवा जांभ्याच्या जुन्या भिंती जमिनीतली ओल शोषून घेतात आणि हवेत सोडतात. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने ही ओल बाहेर पडू शकते. सिमेंटच्या घट्ट थरामागे मात्र ती अडकते, तिच्याबरोबर आलेले क्षार विटांमध्ये साचून त्यांची भुकटी करतात, आणि भिंतीत शिरलेली लाकडी तुळयांची टोके कुजू लागतात.

आपल्या गडांवर आजही दिसणाऱ्या चुन्याच्या घाण्यांमध्ये कळीचा चुना विरवून, वाळू घालून, बैलांनी ओढलेल्या दगडी चाकाखाली मळला जाई. त्यात गूळ, बेलफळाचा गर किंवा हिरड्याचे पाणी मिसळण्याची रीत जुन्या गवंड्यांना ठाऊक होती. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन यांनी इंग्लंडमध्ये १८२४ साली घेतले. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजते, तर सिमेंटच्या भट्टीला सुमारे १,४५० अंश लागतात, आणि जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के धरला जातो. चुनखडी भाजतानाही हा वायू निघतो; गिलावा कडक होताना त्यातला बराचसा हवेतून परत शोषला जातो, पण भट्टीच्या इंधनाचा धूर परत येत नाही. म्हणून चुना प्रदूषणमुक्त असल्याचा दावा आम्ही करत नाही.

नव्या बांधकामात सिमेंट वापरूच नका, असेही आमचे म्हणणे नाही. स्लॅबला चुना चालत नाही. तेथे भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून क्लिंकरचे, म्हणजे भट्टीत भाजून निघणाऱ्या सिमेंटच्या मूळ खड्यांचे, प्रमाण घटवणारे एलसी-३ सिमेंट आम्हाला आशादायक वाटते. भारतीय मानक ब्यूरोने त्याचे मानक २०२३ मध्ये प्रसिद्ध केले आहे.

चुन्याचे काम पातळ थरांत होते, प्रत्येक थराला अवधी द्यावा लागतो आणि कडक उन्हात त्यावर ओले गोणपाट धरावे लागते. त्यामुळे आम्ही अशी कामे शक्यतो दिवाळीनंतर घेतो.