कल्पित यंत्रांची विश्वासार्हता: तोफेपासून वर्महोलपर्यंत

विज्ञानकथेतले यंत्र पटण्याजोगे कशामुळे ठरते, हा वाद ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांच्या काळापासून चालत आला आहे. व्हर्न यांनी १८६५ च्या कादंबरीत माणसांना चंद्राकडे धाडण्यासाठी ९०० फूट लांबीची तोफ योजली, तिच्या स्फोटकांचा हिशेब मांडला आणि धक्का सोसता यावा म्हणून प्रवाशांच्या पायांखाली पाण्याचा थरही ठेवला. मात्र एवढ्या अंतरात सेकंदाला सुमारे ११ किलोमीटरचा वेग गाठायचा, तर गुरुत्वीय त्वरणाच्या वीस हजार पटींहून अधिक त्वरण लागते, आणि त्यातून कोणीही जिवंत राहणार नाही.

वेल्स यांनी १९०१ मध्ये गुरुत्वाकर्षण अडवणारा ‘केव्होराइट’ हा पदार्थच कल्पिला. असा पदार्थ आहे कुठे, ही व्हर्न यांची हरकत रास्तच होती. तरीही वेल्स यांच्या कथेतला एक प्रसंग मला त्या तोफेहून मोलाचा वाटतो: केव्होराइटचा पहिला पत्रा तयार होताच त्याच्यावरची हवा वजनहीन होते, भोवतालची जड हवा तिला वर लोटत आत घुसते, आणि तो पत्राच उडून गेला नसता तर पृथ्वीचे वातावरण अवकाशात निघून गेले असते. येथे गृहीतक अशक्य आहे, पण त्याचे परिणाम कसोशीने तपासलेले आहेत.

पुढे ही तपासणी वाचकही करू लागले. लॅरी निव्हन यांनी १९७० च्या कादंबरीत एका ताऱ्याभोवती जवळजवळ पृथ्वीच्या कक्षेएवढे कडे उभे केले. ते किंचित जरी सरकले तरी सरकतच जाऊन अखेर ताऱ्यावर आदळेल, हे वाचकांनी दाखवून दिले. १९८० च्या पुढील भागात कड्याच्या काठावर त्याला जागेवर ठेवणारी इंजिने आली, आणि त्यांतली बहुतेक रहिवाशांनी काढून नेल्यामुळे ओढवलेले संकट हाच कथेचा गाभा झाला.

कार्ल सेगन यांनी तर १९८५ च्या कादंबरीचा मजकूर छापण्यापूर्वीच भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्याकडे पाठवला. कृष्णविवरातून प्रवास शक्य नसल्यामुळे थॉर्न यांनी वर्महोल, म्हणजे अवकाशातली दोन दूरची ठिकाणे जोडणारा कल्पित बोगदा, सुचवले, आणि त्या विचारातूनच १९८८ मध्ये थॉर्न आणि मायकेल मॉरिस यांचा शोधनिबंध आला. वर्महोल उघडे राहायचे असेल, तर ऋण ऊर्जा असलेले विलक्षण द्रव्य लागेल, ही अट त्यात गणिताने मांडलेली आहे.