दुखऱ्या मानेला व्यायाम कोणता आणि किती

मान अवघडते, खांदे भरून येतात, पाठीत खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या (मागच्या चपट्या हाडांच्या) मधली एक जागा सतत ठणकत राहते. एक्स-रे काढला की रिपोर्टवर ‘सर्व्हायकल स्पाँडिलोसिस’, म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज, असं येतं आणि घरात ‘मणक्यात गॅप आलीय’ हे पक्कं होतं. मग मान जपणं सुरू होतं. व्यायाम बंद, पिशवी उचलणं बंद, गळ्यात कॉलर, झोपताना उशी नाही. अनेकांचं दुखणं लांबतं ते या जपण्यामुळेच.

जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले गेले. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या फुगलेल्या होत्या, विशीतल्या बहुतेकांच्यासुद्धा. यांपैकी कुणाचीही मान दुखत नव्हती. रिपोर्टमधली ‘झीज’ म्हणजे पुष्कळदा पिकलेल्या केसांसारखा वयाचा बदल असतो, आणि दुखण्याचं कारण दुसरीकडेच असतं.

याला अपवाद आहेत आणि ते आधी पाहायलाच हवेत. हाताची ताकद कमी होणं, शर्टाची बटणं लावताना बोटं चाचपडणं, चालताना तोल जाणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं ही मज्जारज्जू किंवा नसा दाबल्या गेल्याची लक्षणं असू शकतात. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर आपल्याकडे मणक्याच्या टीबीचा विचार करावाच लागतो. पडल्यावर किंवा अपघातानंतर मान दुखू लागली, तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. फऱ्यांमधल्या दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम किंवा धाप असेल, तर ते हृदयाचं असू शकतं. तेव्हा थेट इमर्जन्सी गाठायची.

यांपैकी काही नसेल, तर बहुतेक वेळा प्रश्न स्नायूंचा असतो. डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो. मोबाइल किंवा लॅपटॉपकडे पाहताना ते पुढे जातं आणि मानेमागचे स्नायू त्याला मागून धरून ठेवतात. मान ६० अंश वाकली की मणक्यावर २७ किलोंचा भार येतो, हा आकडा तुम्ही वाचला असेल. तो २०१४ मधल्या एका गणिती मॉडेलचा आहे, जिवंत माणसांवर मोजलेला नाही. मान वाकवल्याने ती बिघडत नाही. त्रास होतो तो एकाच स्थितीत तास-दोन तास हललंच नाही की. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपिझियस स्नायूचे काही बारीक तंतू हलक्या कामातही सर्वांत आधी आकसतात आणि सर्वांत शेवटी सैल पडतात. माउस धरलेला हात, डेडलाइनचा ताण, अपुरी झोप यांत त्यांना सुट्टीच मिळत नाही.

म्हणून इलाजाचा गाभा आहे ताकद वाढवणं. डेन्मार्कमध्ये मान-खांदेदुखी असलेल्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर एक चाचणी झाली. एका गटाने रबरी बँडचा एकच व्यायाम रोज दोन मिनिटं केला, दुसऱ्याने बारा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. दहा आठवड्यांनी, व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत, शून्य ते दहाच्या मापावर दुखणं अनुक्रमे १.४ आणि १.९ अंकांनी कमी भरलं. दोन मिनिटांसाठी हा फायदा मोठा आहे.

तो व्यायाम असा. बँडच्या मध्यावर पाय ठेवून उभं राहा, टोकं दोन्ही हातांत. कोपरं किंचित वाकलेली. हात अगदी बाजूला न नेता थोडे पुढच्या दिशेने, खांद्याच्या उंचीपर्यंत वर न्या. वर जायला दोन सेकंद, खाली यायला तीन. थकेपर्यंत, पण दोन मिनिटांच्या वर नाही. इथे एक चूक जवळपास प्रत्येकाची होते: हात वर जाताना खांदे कानांकडे चढतात. तसं होऊ लागलं की बँड तुमच्यासाठी जड आहे. हलका घ्या किंवा सैल धरा. बँडच्या रंगांवरून जोर ठरवू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात.

दुसरा व्यायाम मानेच्या पुढच्या, आतल्या स्नायूंसाठी. उताणं झोपून डोक्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवा. डोकं न उचलता, ‘हो’ म्हणताना हलते तेवढीच हनुवटी गळ्याकडे न्या. दहा सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. गळ्याच्या बाजूच्या दोऱ्या बोटांनी चाचपा. त्या ताठ झाल्या तर जोर जास्त लागतोय. तिसरा, बँड खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही कोपरं मागे ओढायची, १२ वेळा, तीन फेऱ्या. पाठीच्या वरच्या भागाला याचा चांगला उपयोग होतो.

करताना दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर जोर निम्मा करा, बंद करू नका. फरक दिसायला आठ-दहा आठवडे लागतात. पुष्कळ जण तिसऱ्याच आठवड्यात सोडून देतात.

मान नुकतीच धरली असेल तर पहिले दोन-तीन दिवस टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीने १५ ते २० मिनिटं शेक, आणि दर तासाला दुखेल-न दुखेल इतपत मान दोन्हीकडे वळवणं. डायक्लोफेनॅकचं जेल चोळायला हरकत नाही. डायक्लोफेनॅकच्या किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या मात्र किडनीचा त्रास, अल्सर किंवा रक्तदाब असलेल्यांनी स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. सलूनमध्ये मान काडकन मोडून घेणं पूर्ण बंद करा. त्या झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतला थर फाटून पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर नुकसान कायमचं राहू शकतं.

बसण्याच्या जागेत सर्वांत मोठा दोष लॅपटॉपचा. स्क्रीन डोळ्यांसमोर आणली तर हात वर लटकतात, हात टेकवले तर मान खाली जाते. वेगळा कीबोर्ड घ्या आणि लॅपटॉप जाड पुस्तकांवर ठेवा, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर मात्र उलट करा. खालच्या काचेतून वाचण्यासाठी हनुवटी वर जाते, म्हणून स्क्रीन थोडी खाली हवी. फोन खांदा आणि कानात धरून भाजी चिरणं किंवा स्कूटर चालवणं सोडा. ओटा कोपरापेक्षा १० ते १५ सेंटीमीटर खाली असला की पाठ सरळ राहते. तो जास्त खाली असेल तर पोळपाटाखाली पाट ठेवा.

उशी काढून झोपायची गरज नाही. कुशीवर झोपणाऱ्याची उशी खांद्याच्या टोकापासून कानापर्यंतचं अंतर भरून काढेल एवढी जाड हवी, उताणं झोपणाऱ्याची त्याहून पातळ.