मसल मोटारीचा घरगुती जीर्णोद्धार

1960 च्या दशकात आणि 1970 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत तयार झालेली मसल कार या प्रकारातील जुनी मोटार विकत घेऊन, घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये ती अखेरच्या बोल्टपर्यंत उघडणे, गंजलेला पत्रा बदलणे, इंजिन नव्याने बांधणे आणि शक्य तितक्या मूळ रूपात ती पुन्हा रस्त्यावर आणणे, या हौशी उद्योगाला मसल मोटारीचा घरगुती जीर्णोद्धार म्हणता येईल. बहुतेक मालक हे काम नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी करतात, त्यामुळे एका गाडीला कित्येक वर्षे लागणे नेहमीचे आहे. चकाकणारा रंग आणि इंजिनाचा घनगंभीर आवाज यांमुळे या छंदाची ओळख झाली असली, तरी त्याचे खरे काम गाडीच्या पत्र्यात आणि तिच्याविषयीच्या नोंदींत असते.

मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या आणि सामान्य ग्राहकाला परवडणाऱ्या गाडीत मोठ्या गाडीसाठी बनवलेले ताकदवान व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचे, इंजिन बसवले की मसल कार तयार होते. या प्रकाराचा आरंभ सर्वसाधारणपणे 1964 च्या पाँटियाक जीटीओपासून मानतात. जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या पाँटियाकच्या अभियंत्यांनी टेंपेस्ट या मध्यम गाडीत 389 घन इंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे, इंजिन घातले. मध्यम गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठे इंजिन नसावे असा पाँटियाकची मालक कंपनी जनरल मोटर्सचा अंतर्गत दंडक होता. मात्र जीटीओ हे वेगळे मॉडेल म्हणून जाहीर न करता टेंपेस्ट लमान्सवर जादा पैसे देऊन घेण्याचा संच म्हणून विकल्याने त्या दंडकाला बगल देता आली. पहिल्याच वर्षी अशा 32,450 गाड्या खपल्या आणि इतर कंपन्याही या बाजारात उतरल्या. 1970 च्या शेव्हरोले शेव्हेलमधील 454 घन इंचांच्या एलएस6 इंजिनाची ताकद कंपनीने 450 अश्वशक्ती सांगितली होती. पुढे विम्याचे वाढलेले हप्ते, 1970 चा स्वच्छ हवा कायदा, 1971 पासून कमी केलेले इंजिनाचे कॉम्प्रेशन आणि 1973 ची तेलबंदी यांनी हे पर्व संपवले. फोर्ड मस्टँग आणि शेव्हरोले कॅमेरो या आकाराने लहान गाड्यांना काटेकोर बोलणारे लोक ‘पोनी कार’ म्हणतात, परंतु जीर्णोद्धाराच्या व्यवहारात त्यांना वेगळे धरले जात नाही. पुढील विवेचनात 1969 ची कॅमेरो वारंवार उदाहरणादाखल घेतली आहे, कारण तिचे सुटे भाग मुबलक मिळतात आणि तिच्या नकलाही तितक्याच मुबलक आहेत.

ही गाडी घरी उघडता येते याचे श्रेय तिच्या साध्या रचनेला आहे. तिच्यात संगणक नसतो, इंधन कार्बोरेटरमधून येते, ठिणगी डिस्ट्रिब्युटरमधील यांत्रिक पॉइंटच्या उघडझापीने पडते, आणि बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात घालता येईल एवढी जागा असते. इंची पान्यांचा संच, जॅक व भक्कम स्टँड, इंजिन उचलण्याची घोडी, कॉम्प्रेसर आणि मिग वेल्डिंग मशीन एवढ्या साहित्यावर बरेचसे काम होते. शिवाय या गाड्यांच्या मडगार्डपासून डॅशबोर्डवरील बटणापर्यंत जवळजवळ प्रत्येक भाग नव्याने बनवून विकणारा मोठा उद्योग अमेरिकेत उभा राहिला आहे, आणि जे तेथे मिळत नाही ते पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइल किंवा हर्शी येथील जुन्या भागांच्या बाजारात शोधता येते.

काम सुरू होते ते गाडीची ओळख पटवण्यापासून. आजचा सतरा अक्षरी वाहन क्रमांक 1981 च्या मॉडेलपासून आला. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी होती. 1969 च्या कॅमेरोचा क्रमांक तेरा अक्षरी असून तो डॅशबोर्डवर, काचेतून दिसेल असा लावलेला असतो. त्यातील 1 म्हणजे शेव्हरोले, 24 म्हणजे व्ही-8 इंजिनाची कॅमेरो, 37 म्हणजे दोन दारी कूपे, 9 म्हणजे 1969, आणि पुढचे अक्षर कारखान्याचे: ओहायोतील नॉरवुडसाठी एन, लॉस एंजेलिससाठी एल. उरलेले सहा अंक क्रमवार. ही गाडी साधी आहे, की एसएस किंवा झेड/28 या तिच्या अधिक वेगवान आवृत्त्यांपैकी आहे, हे मात्र या क्रमांकावरून मुळीच कळत नाही. साध्या कॅमेरोला पट्टे ओढून आणि बिल्ले लावून झेड/28 म्हणून विकणाऱ्यांचे फावते ते इथेच. 1966 ते 1971 च्या जीटीओचा क्रमांक 242 ने सुरू होतो, त्यामुळे ती ओळखणे सोपे जाते. 1964 आणि 1965 च्या जीटीओसाठी मात्र कारखान्याची जुनी कागदपत्रे मिळवावी लागतात.

उरलेला पुरावा गाडीच्या अंगावरच असतो. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बैठक यांमधील पत्र्याच्या भिंतीवर, रिव्हेट मारून बसवलेल्या पट्टीवर मूळ रंगाचा आणि आतील गादीकामाचा संकेतांक असतो. 1969 च्या पट्टीवर 72 हा आकडा दिसला, तर ती गाडी कारखान्यातून ‘हगर ऑरेंज’ या नारिंगी रंगात बाहेर पडली होती. जुळणी करणाऱ्या कामगारांना कोणते भाग घालायचे हे सांगणारा छापील कागद कधी पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर, कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो. तो पिवळा पडलेला, उंदरांनी कुरतडलेला आणि हात लावताच तुकडे होण्याइतका ठिसूळ झालेला असतो, म्हणून सीट हिसका देऊन ओढू नये आणि टाकी खाली घेताना तिच्या वर काय आहे ते आधी आरशाने पाहावे. फायरवॉलवरील खडूच्या खुणा, बोल्टच्या डोक्यावरील रंगाचे ठिपके, तळाला उडालेला रंगाचा फवारा हेही पुरावेच आहेत. ते धुण्याआधी त्यांची छायाचित्रे घेतली नाहीत, तर ती माहिती कायमची जाते. म्हणून प्रत्येक भाग सोडवण्यापूर्वी छायाचित्र, नंतर चिठ्ठी आणि मग त्याच भागाच्या बोल्टांसह पिशवी, हा क्रम कंटाळवाणा वाटला तरी सोडू नये. अर्धवट राहून खोक्यांसकट विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या मुळाशी बहुधा पैशाची तंगी असते किंवा हा सुटलेला क्रम असतो.

पत्र्याची पारख मऊ कापडात गुंडाळलेल्या लहानशा लोहचुंबकाने होते. मागच्या चाकावरून चुंबक हळूहळू सरकवत नेला, की पत्र्याला चिकटलेला तो एका जागी अचानक सुटतो. त्या जागी रंगाखाली पुट्टीचा, म्हणजे आपल्या रंगाऱ्यांच्या भाषेतील लांबीचा, जाड थर असतो. बर्फाळ राज्यांत रस्त्यावर मीठ टाकत असल्याने तेथील गाड्या खालून सडतात, तर ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यातील गाड्यांचा रंग आणि रबर उन्हाने गेलेले असले तरी पत्रा शाबूत असतो. यांतून निवड करायची झाल्यास उन्हातली गाडी घ्यावी. कॅमेरोत मागच्या काचेभोवतीच्या चमकत्या पट्ट्यांखाली पाणी साचते, तेथून ते डिकीच्या तळात उतरते, आणि वरून निर्दोष दिसणाऱ्या गाडीची डिकी खालून चाळणी झालेली असते. व्हिनाइलचे आच्छादन असलेल्या छपराखालीही हेच घडते.

सडलेला तळ कापण्याआधी दारांच्या चौकटींत लोखंडी चौकोनी नळ्या आडव्यातिडव्या वेल्ड करून सांगाडा जखडणे अत्यावश्यक आहे. कॅमेरोला पूर्ण लांबीची चासी नसते. पुढचा उपसांगाडा रबरी बुशांवर बोल्टने जोडलेला असतो आणि मागचा सारा भार पत्र्याच्या कवचावर असतो, म्हणून तळ कापताच कवच मधोमध खचते. मागचा बाजूपत्रा बदलताना दार आणि डिकीचे झाकण जागेवर लावून, सर्व फटी साधारण पाच मिलिमीटर आणि सारख्या आहेत हे पाहून मगच वेल्डचे टाके घालायचे असतात. दार न लावता बाजूपत्रा पक्का केला आणि मग दार बसेना, ही या छंदातली सर्वांत महागडी चूक आहे, कारण तिची दुरुस्ती म्हणजे तेच काम पुन्हा कापून करणे.

कारखान्यातील ठिपका-वेल्ड खास ड्रिलने सोडवून, नव्या पत्र्याला भोके पाडून ती वेल्डने भरतात. त्यामुळे जोड मूळ जोडासारखा दिसतो. जेथे दोन पत्रे कडेला कड लावून जोडायचे असतात तेथे खरी परीक्षा होते. हा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. 0.6 मिलिमीटर जाडीची तार आणि तीन भाग आर्गॉन व एक भाग कार्बन डायऑक्साइड असा वायू वापरून एक टाका इकडे, दुसरा हातभर अंतरावर, तिसरा पुन्हा मधे, असे करत जावे लागते, आणि मधला पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे लागते. घाईने एकसलग ओढलेली रेघ पत्र्याला लाटा आणते. वाळूचा मारा करून रंग काढतानाही मोठ्या सपाट भागांत, विशेषतः बॉनेट व छपरावर, असेच वळ येतात, म्हणून तेथे प्लॅस्टिकच्या कणांचा मारा किंवा रसायन वापरणे बरे. छप्पर आणि बाजूपत्रा यांचा सांधा कारखान्यात शिशाने भरलेला असतो. तो कोरडा घासून त्याची धूळ घरात पसरू देऊ नये.

पहिल्या पिढीच्या कॅमेरोचे संपूर्ण नवे कवचही आता विकत मिळते. मात्र जुन्या गाडीची क्रमांकपट्टी काढून नव्या कवचाला लावणे हा संघराज्य कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि राज्याराज्यांचे नियम वेगळे असल्याने नोंदणी कार्यालयात आधी विचारणे शहाणपणाचे.

रंगाच्या कामातील बहुतेक वेळ रंग फवारण्याआधी जातो. इपॉक्सी प्रायमर, पुट्टी, जाड प्रायमर आणि लांब ठोकळ्यावर गुंडाळलेला पॉलिश पेपर यांच्या फेऱ्या, प्रतिबिंबातली रेघ सरळ दिसेपर्यंत चालतात. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या गाड्यांना ॲक्रिलिक लॅकर असे, तर फोर्ड व क्रायस्लर इनॅमल वापरत; आज बहुतेक जण रंगावर पारदर्शक थर देणारी पद्धत वापरतात आणि तिची काचेसारखी चमक मूळ गाडीला कधीच नव्हती. या रंगांना कठीण करणाऱ्या द्रवात (हार्डनरमध्ये) आयसोसायनेट ही रसायने असतात आणि त्यांच्यापासून कायमचा दमा जडू शकतो. साध्या मुखपट्टीवर विसंबून गॅरेजमध्ये असा रंग मारणे धोक्याचे आहे. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा नसेल, तर हे एक काम रंगशाळेकडे द्यावे.

इंजिनाची जुळणी घरी होते, परंतु बोअर करणे, क्रँक घासणे ही कामे मशीनशॉपमध्येच होतात. 350 घन इंचांच्या शेव्हरोले इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 4 इंच आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, 3.48 इंच असतो. झिजलेले सिलिंडर बहुधा 0.030 इंचाने मोठे करून नवे पिस्टन घालतात. ब्लॉक देताना एक सूचना लेखी द्यावी. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे, ब्लॉकच्या सपाट कडेवर, इंजिनाची तारीख व संकेतांक आणि गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे अंक ठोकलेले असतात. ब्लॉकचा माथा सपाट करण्यासाठी यंत्राचा एकच हात तेथून फिरला, तर हे अंक पुसले जातात आणि इंजिन मूळ गाडीचेच असल्याचा पुरावा नष्ट होतो.

नव्या सपाट टॅपेटच्या कॅमशाफ्टसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यासाठी, पहिल्या वीस मिनिटांत इंजिन आयडलवर न ठेवता मिनिटाला सुमारे 2,000 फेऱ्यांवर चालवावे लागते, नाहीतर कॅमचे उंचवटे घासून जातात. आधुनिक तेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या रक्षणासाठी जस्ताचे संयुग कमी केलेले असल्याने जादा जस्ताचे तेल निवडतात. अमेरिकेत शिसेयुक्त पेट्रोल रस्त्यावरील गाड्यांसाठी 1 जानेवारी 1996 पासून बंद झाले, म्हणून हेड उघडलेच असतील तर पूर्वी शिशामुळे झीज टळणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या बसवून घेतात. पेट्रोलमधील इथेनॉल जुने रबर खाते. सर्व नळ्या नव्या असाव्यात.

ब्रेक आणि वायरिंग यांत मूळ रूपाचा हट्ट धरू नये. 1966 पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत एकेरी मास्टर सिलिंडर असे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जात. तेथे दुहेरी सिलिंडर बसवला, तर प्रदर्शनातील पारितोषिकाचा एखादा गुण जाईल, पण तो जाऊ द्यावा. क्रायस्लरच्या गाड्यांत बॅटरी आणि बाकी गाडी यांमधला मुख्य विद्युतप्रवाह डॅशबोर्डवरील ॲमीटरमधून जातो आणि फायरवॉलवरील जोड तापून वितळू शकतो, हेही लक्षात ठेवावे. जुन्या ब्रेक लाइनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असल्याने ती फुंकून साफ करू नये. घरातील पाणी तापवण्याचा गॅसबंब गॅरेजमध्ये असेल, तर त्याची ज्योत विझवल्याशिवाय पेट्रोलची टाकी उघडू नये.

गाडी किती नवी करायची, याविषयी गेल्या काही दशकांत मत पालटले आहे. पूर्वी कारखान्यातही नव्हती इतकी तुळतुळीत गाडी वाखाणली जाई. आता मूळ रंग टिकून राहिलेल्या, न उघडलेल्या गाड्यांना प्रदर्शनांत स्वतंत्र वर्ग मिळतो, आणि चांगले कारागीर त्यांच्याकडे पाहून खडूच्या खुणाही मुळाबरहुकूम उमटवतात. एखाद्या गाडीचा मूळ रंग सत्तर टक्के शाबूत असेल, तर तिला हात लावू नये असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

तयार गाडी रस्त्यावर काढताना चाकांची अलाइनमेंट जुन्या पुस्तकातील आकड्यांवर करून चालत नाही. ते आकडे बायस-प्लाय या जुन्या पद्धतीच्या टायरांसाठी होते. आजच्या रेडियल टायरांना अधिक धन कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन, लागतो, नाहीतर वेगात गाडी सरळ रेषेत राहत नाही. पहिल्या काहीशे मैलांनंतर इंजिनाचे तेल बदलून त्यात धातूचा कीस आहे का ते पाहतात, उपसांगाड्याचे बोल्ट पुन्हा आवळतात, आणि पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर डिकीतला गालिचा उचलून मागच्या काचेखालचा पत्रा कोरडा आहे का, ते हात फिरवून तपासतात.