दोन भट्ट्या, एक ओढा आणि पिंपात पडलेला मालक

व्हिस्कीच्या भट्टीचा मालक दारूच्या पिंपात मेलेला सापडतो, संशय शेजारच्या भट्टीवाल्यावर जातो आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला माणसापेक्षा दारूच्या लिटरांची काळजी जास्त असते. विनोदी खूनकथेसाठी हे कथानक कुणी मुद्दाम बेतल्यासारखं वाटेल. पण स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या आयला बेटावर (स्पेलिंग कसंही असो, उच्चार अगदी हाच) यातलं बरंचसं खरोखर घडलेलं आहे. दप्तरात नोंद मात्र खुनाची नाही, अपघाताची आहे.

बेटाच्या दक्षिणेला पोर्ट एलन गाव सोडून पूर्वेकडे निघालं, की पाचेक किलोमीटरच्या आत लाफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग या तीन भट्ट्या ओळीने लागतात. तिघींचीही सुरुवात १८१५-१६ च्या सुमाराची. लाफ्रॉइग डोनल्ड आणि अलेक्झांडर जॉन्स्टन या भावांनी काढली. पुढे डोनल्डने भावाचा हिस्सा विकत घेतला आणि १८४७ साली अर्धवट तयार झालेल्या व्हिस्कीच्या पिंपात पडून तो मेला. वारस मुलगा ड्यूगल्ड लहान होता. भट्टी सांभाळायला आला वॉल्टर ग्रॅहम, म्हणजे शेजारच्या लागावूलिनचाच व्यवस्थापक. १८५७ मध्ये कारभार परत जॉन्स्टन घराण्याकडे गेला. म्हणजे मालक गेल्यानंतरची दहा वर्षं भट्टीच्या किल्ल्या प्रतिस्पर्ध्याच्या माणसाकडे होत्या. ग्रॅहमवर कसलाही आरोप करायला जागा नाही, पण कथा लिहिणाऱ्याला याहून चांगला पहिला संशयित मिळणार नाही.

असा मृत्यू कसा घडू शकतो, हे कळायला भट्टीचं काम कळलं पाहिजे. बार्ली दोनेक दिवस भिजवतात, मग जमिनीवर पसरून पाच-सहा दिवस मोड आणतात. मोड गुंतून गोळे होऊ नयेत म्हणून लाकडी फावड्याने रात्रंदिवस उलथत राहावं लागतं. मोड आलेली बार्ली पीटच्या धुरावर वाळवायची. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं साचून दबलेली वनस्पतींची माती. आयलाच्या व्हिस्कीतला धुरकट, औषधी वास तिचाच. वाळलेलं धान्य भरडून सुमारे ६४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात कालवतात, गोड पाणी निथळून घेतात आणि थंड करून खोल लाकडी पिंपांत यीस्ट घालून आंबवतात. दोन-तीन दिवसांत त्यात आठ-नऊ टक्के मद्यार्क उतरतो.

धोका असतो तो याच पिंपांत. आंबताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, त्यामुळे तो वर न जाता झाकणाखाली साचून राहतो. झाकण उघडून वाकलेल्या माणसाला आधी नाकात झिणझिणी येते, आणि वायू दाट असेल तर दोन-चार श्वासांतच शुद्ध हरपते. फेस उतू जाऊ नये म्हणून पूर्वी माणसं काठ्यांनी तो झोडपत, म्हणजे पिंपाच्या काठाशी वाकून उभं राहणं हा रोजच्या कामाचाच भाग. रिकाम्या पिंपातही वायू तळाशी बसून असतो. धुवायला उतरण्याआधी जळती मेणबत्ती खाली सोडायची जुनी रीत होती; विझली तर उतरायचं नाही. एकाला काढायला उतरलेला दुसराही आतच राहतो, हे अशा अपघातांचं सगळ्यात वाईट अंग. रहस्यकथेत दोन प्रेतं एकाच पिंपात सापडली, तर दुसऱ्याचा खून झालाच असेल असं नाही.

भट्टीवाल्यांच्या वैराला नुसती धंद्यातली चुरस कारण नव्हती, कायदाही होता. १८२३ च्या कायद्याने दहा पौंड वार्षिक शुल्क भरून आणि किमान ४० गॅलनचं भांडं लावून परवान्याने व्हिस्की गाळणं परवडू लागलं. तोवर डोंगराळ भागात चोरून गाळणं हाच रिवाज होता. मुख्य भूमीवरच्या ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्यात जॉर्ज स्मिथने १८२४ मध्ये परवाना काढला, तेव्हा शेजारच्या चोरट्या भट्टीवाल्यांना तो फितूर वाटला आणि भट्टी जाळण्याच्या धमक्या सुरू झाल्या. ॲबरलोरच्या जमीनदाराने त्याला पिस्तुलांची जोडी दिली. ती तो बरीच वर्षं कमरेला लावून फिरत असे.

परवान्याबरोबर अबकारी अधिकारीही आला, आणि भट्टीतच मुक्कामाला राहिला. भांड्यातून उतरणारी दारू पितळी चौकटीच्या काचपेटीतून वाहते आणि त्या पेटीला सरकारी कुलूप असे. आत हात घालता येत नाही, बाहेरच्या दांड्या फिरवून धार इकडून तिकडे वळवायची. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे उत्तम समजतात. तिथे दोनदा गाळतात आणि दुसऱ्या गाळणीतली पहिली धार बाजूला काढतात, कारण ती उग्र असते. पेटीतच तिच्यात पाणी मिसळून बघतात. गढूळ झाली तर अजून वेळ आहे, नितळ राहिली की मधली धार मुरवायच्या पिंपाकडे वळवायची. शेवटची, कमी ताकदीची धार पुन्हा पहिलीबरोबर पुढच्या खेपेत. पहिल्या गाळणीतून निघणारी वीस-पंचवीस टक्क्यांची दारू पिंपात भरतच नाहीत. गोव्याची मंडळी तिची जागा हुर्राकवरून ओळखतील, फेणी दुसऱ्या गाळणीची.

गोदामाला दोन कुलपं असत: एक किल्ली भट्टीवाल्याकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. त्यामुळे बंद गोदामातल्या प्रेताचं कोडं इथे आयतंच तयार आहे. पण प्रेत पिंपात लपवायचं म्हटलं, तर लेखकाने हिशेब करूनच लिहावं. मुरवायच्या २५० लिटरच्या पिंपाचं बूच जेमतेम पाच सेंटिमीटरचं. माणूस आत घालायचा तर वरच्या पट्ट्या सैल करून डोक्याकडची फळी काढावी लागेल आणि परत बसवताना फटींत बोरूसारख्या गवताच्या पात्या भराव्या लागतील. हे काम पिंपं बांधणाऱ्या कारागिरालाच जमतं. शिवाय स्कॉटलंडच्या थंड हवेत पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के दारू उडून जाते. तिला देवदूतांचा वाटा म्हणतात (गोव्याच्या उष्ण हवेत हेच प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास जातं). अधिकारी मोजपट्टी बुडवतो तेव्हा त्याला पातळी उतरलेलीच दिसायला हवी. सत्तर किलोचा माणूस सुमारे सत्तर लिटर जागा घेतो. देवदूतांनी वाटा परत केल्यासारखी पातळी वर आली आणि भरतानाची ६३.५ टक्क्यांची ताकद भलतीच उतरली, तर पोलिसांच्या आधी अबकारी खातं दारात येईल.

वैराचा सगळ्यात रंगतदार भाग १९०७ चा. लाफ्रॉइगच्या विक्रीची एजन्सी बरीच वर्षं लागावूलिनच्या मॅकी कंपनीकडे होती. त्या साली लाफ्रॉइगवाल्यांनी ती काढून घेतली. पीटर मॅकी चिडला आणि त्याने लाफ्रॉइगला जाणारा ओढा दगड टाकून अडवला. पाटाच्या पाण्यावरून भावकीत डोकी फुटलेली ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यातला त्वेष सांगायला नको. भट्टीला पाणी धान्य भिजवायला लागतंच, पण सर्वांत जास्त लागतं वाफ थंड करायला. वेटोळ्याच्या नळीभोवतीचं पाणी तापलं तर वाफेची दारू होत नाही, ती तशीच बाहेर येते. खाली कोळशाची आग असेल तर भडका उडतो. म्हणून पाणी तुटलं की काम थांबवण्यावाचून इलाज नसतो. लाफ्रॉइगवाले कोर्टात गेले आणि कोर्टाने पाणी सोडायला लावलं.

मग १९०८ मध्ये मॅकीने लागावूलिनच्या आवारातच ‘मॉल्ट मिल’ नावाची छोटी भट्टी बांधली, लाफ्रॉइगची हुबेहूब व्हिस्की काढायची म्हणून. भांडी त्याच घाटाची आणि धान्य वाळवायला फक्त पीट. लाफ्रॉइगमधून माहीतगार माणूसही फोडून आणला. तरी चव जुळली नाही. धुराचे घटक मधल्या धारेच्या उत्तरार्धात जास्त उतरतात, त्यामुळे धार कुठे तोडली यावर वास ठरतो. लाफ्रॉइगमध्ये पहिली धार पाऊण तास बाजूला काढतात, हे इतर ठिकाणांपेक्षा बरंच जास्त आहे. त्यात भर म्हणजे पीट कुठल्या दलदलीतलं आणि नळीचा उतार किती. इतकी कलमं एकाच वेळी जुळवणं भांड्यांची नक्कल करून होत नाही.

मुख्य भूमीवर त्याच सुमाराला लीथ बंदरातल्या पॅटिसन बंधू या व्हिस्कीच्या व्यापाऱ्यांचं प्रकरण घडून गेलं होतं. जाहिरातीसाठी त्यांनी पाचशे पोपट पढवून दुकानदारांना वाटल्याचं सांगतात. डिसेंबर १८९८ मध्ये त्यांचं दिवाळं निघालं, हलक्या व्हिस्कीत थोडी उंची मिसळून ती उंची म्हणून विकल्याचं उघड झालं आणि १९०१ मध्ये दोघेही तुरुंगात गेले. कथेत साक्षीदार म्हणून पोपट हवा असेल तर काळ हा धरावा. कुलपं आणि किल्ल्या हव्या असतील तर १९८३ च्या आधीचा कुठलाही. त्यानंतर मुक्कामी अधिकाऱ्याची पद्धत गेली.

मॉल्ट मिल १९६२ मध्ये बंद झाली. तिच्या शेवटच्या खेपेतली बिनरंगी, पिंपात कधीच न मुरलेली दारू एका लहानशा बाटलीत भरून लागावूलिनमध्ये काचेआड ठेवलेली आहे.